हात फिरवलेली सत्तावीस पानं

एप्रिल सरत आला की मावळात राब भाजतात. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जागा आधी पालापाचोळा, शेण, काट्याकुट्या पसरून जाळून घ्यायची, ही इथली जुनी रीत. कामशेतवरून पवनानगरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांच्या खाचरांत काळे चौकोन दिसायला लागतात आणि तो गोडसर, घशात बसणारा धूर स्कूटरवरही पिच्छा सोडत नाही. इतकी वर्षं हा वास आला की मला हुरूप यायचा. सुट्टी लागणार, आणि त्याआधी मी मुलांना चित्रांच्या वह्या वाटणार. यंदाही वास आला. वह्याही आल्या आहेत. हायस्कूलच्या चित्रकलेच्या खोलीत, टेबलावर, सुतळी न सोडलेला गठ्ठा तसाच पडून आहे. शाळेच्या ग्रुपवर मुख्याध्यापकांचा निरोप दोनदा येऊन गेला, उन्हाळी सरावाचं नियोजन कळवावे. मी एक अंगठा पाठवला आणि फोन पालथा ठेवला.

मी चित्रकलेचा मास्तर. राहायला वर लोणावळ्यात, नोकरी खाली मावळात. मे महिन्यात लोणावळ्यात आमच्यासारख्यांना जागाच उरत नाही. दूध आणायला निघालं तरी गाड्यांच्या रांगेतून अंग चोरून जावं लागतं. म्हणून सुट्टीतही दर शनिवारी सकाळी मी शाळेत जाऊन बसायचो. ज्यांना वह्या दाखवायच्या असतील त्यांनी यावं, असं सांगून ठेवलेलं असे. बायको म्हणायची, पोरांपेक्षा तुम्हालाच सुट्टी सोसत नाही. खरं होतं ते.

सरावाचा नियम सोपा होता. रोज एक चित्र, समोर बघून काढलेलं. मनातलं नको, मोबाइलवरचं नको. पंचेचाळीस दिवस, पंचेचाळीस पानं. अर्थात बहुतेक वह्या शाळा उघडण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरतात हे मला ठाऊक होतं. वेगवेगळ्या पेनांनी तारखा टाकलेल्या असतात. पहिल्या पानावरचा आंबा आणि चाळिसाव्या पानावरचा आंबा एकाच ताटलीत ठेवलेला असतो, फक्त चाळिसाव्यात कोय उरलेली असते. एकाने सलग अकरा दिवस आपल्याच डाव्या पायाची चप्पल काढली होती. का रे, म्हटलं तर म्हणाला, ‘सर, उजवी कुत्र्यानं नेली.’ मी हसून सही केली. अशा वह्यांवर माझा राग नव्हता. त्यातल्या एखाद्या पानावर एखादी रेघ खरी निघायची, तेवढ्यावर माझा जून-जुलै निभायचा.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, हात फिरवणं. मुलाने चित्र काढायचं, ते कुठेतरी लंगडत असतं, मग सरांनी त्याच्या हातातून पेन्सिल घ्यायची आणि त्याच कागदावर आपली रेघ द्यायची. आधी खोडरबर, मग रेघ, मग बोटाने थोडी सावली. चित्र उठतं. मूल खूश, पालक खूश, स्नेहसंमेलनात भिंत भरते. माझ्या सरांनी माझ्या चित्रांवर हात फिरवला, मी माझ्या मुलांच्या चित्रांवर फिरवत आलो. ‘तुमचा हात फिरला की चित्राला जीव येतो सर,’ हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की पुढेपुढे मलाही ते खरं वाटायला लागलं. त्यात काही वाईट आहे असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

नववीच्या मुलांना मी दर वर्षी थंडीत बेडशाच्या लेण्यांवर नेतो. पायऱ्या चढताना पोरं माकडांसारखी पुढे निघून जातात आणि मी प्रत्येक वळणावर निसर्ग बघण्याचं सोंग करत धाप घालवतो. वर मोठाल्या खांबांच्या माथ्यावर घोडे आहेत, हत्ती आहेत, त्यांच्यावर बसलेली जोडपी आहेत. पैकी कुणाचं नाक उडालेलं, कुणाचा हात. तीन वर्षांपूर्वीच्या सहलीत एका पोराने अशाच एका स्वाराला छान टोकदार नाक लावून दिलं होतं. मी तिथेच त्याला सगळ्यांसमोर झापलं. ‘तुला कोणी सांगितलं नाक लावायला? दगडाचं तुटलंय ना? मग तुटलेलंच काढ. आहे ते काढायचं. बरं करायला तू डॉक्टर आहेस का?’ पोरं हसली. मलाही माझं वाक्य आवडलं होतं.

त्याच दिवशी मी त्यांना पेन्सिलीने माप घ्यायला शिकवलं. हात ताठ समोर धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचं टोक वस्तूच्या एका कडेवर आणि अंगठ्याचं नख दुसऱ्या कडेवर. ते अंतर कागदावर आणायचं. बजावून सांगितलं होतं, जागा बदलली की माप बदललं, म्हणून रोज त्याच जागी बसायचं. दोन मिनिटांत सगळे कंटाळले. अश्विनी नावाची एकच मुलगी एक डोळा मिटून तासभर मापत बसली होती. परतताना पायऱ्या उतरणारी ती शेवटची.

अश्विनी रस्त्याच्या आतल्या एका वाडीतली. तिचे पप्पा कामशेत ते पवनानगर प्रवासी जीप चालवत. माझी स्कूटर बंद पडली की मी त्यांच्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून यायचो. मोठ्या चेहऱ्याचा, मिशीवाला, सतत काहीतरी बोलणारा माणूस. आरशातून मागच्या बायकांची चेष्टा करायचा आणि तोंडभर हसायचा. मुलगी उलट. बोलणं कमी, रेघ बारीक आणि सावकाश. तिच्या चित्रात दिखाऊपणा अजिबात नसे, आणि म्हणूनच ते मला जरा कच्चं वाटायचं. हे आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वीची उन्हाळी सुट्टी. शेवटचा शनिवार. त्या दिवशी कामशेतची तीन मुलं आली होती आणि दहाच्या सुमाराला अश्विनी आली. सुट्टीत पहिल्यांदाच. वही टेबलावर ठेवली आणि बाजूला उभी राहिली.

मी पहिलं पान उघडलं. तिच्या पप्पांचा चेहरा. दुसरं पान, तोच चेहरा. पाचवं, दहावं, विसावं, तेच. सत्तावीस पानं, सगळ्यांवर तेच खुर्चीत बसलेले पप्पा, त्याच बाजूने. आणि प्रत्येक चेहरा एकाच पद्धतीने चुकलेला. डावा डोळा खाली, डावा गाल सैल, ओठाचा डावा कोपरा घसरलेला. मला निदान करायला एक क्षणही लागला नाही. वही मांडीवर तिरपी धरून काढलं की असं होतं. काढणाऱ्याला ते कळत नाही, कागद सरळ केला की चेहरा एका अंगाला ओघळलेला दिसतो. ही चूक मी शेकडो मुलांची सुधारली होती.

‘मांडीवर वही घेऊन काढलंस ना?’ मी विचारलं.

‘व्हय सर.’

‘तरीच. अगं, तुझ्या पप्पांना मी काय ओळखत नाही का? त्यांचं तोंड असं आहे का?’

ती तीन पोरं हसली. मी खोडरबर घेतला. तेव्हा अश्विनी हळूच म्हणाली, ‘सर, असूद्या तसंच.’

‘असू दे कसं? इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसायचंय ना? नीट बघ मी काय करतो ते.’

‘बरं सर.’

दोन-अडीच तास मी ते काम केलं. एकेका पानावरचा डावा डोळा वर घेतला, गाल भरला, ओठ सरळ केला. जीपच्या आरशात पाहिलेलं ते हसू मला चांगलं आठवत होतं, चार-दोन ठिकाणी तेही दिलं. प्रत्येक पानाच्या कडेला दोन-दोन बारीक आडव्या रेघोट्या होत्या. पान मळवू नये एवढंही या मुलांना सांगावं लागतं असं पुटपुटत मी त्याही पुसल्या. पोरं टेबलाभोवती उभी राहून बघत होती. हात छान चालला होता. खिडकीतून राबाच्या राखेचा वास येत होता. मला त्या सकाळी फार बरं वाटत होतं, हे मी लपवणार नाही. त्या उन्हाळ्यातली माझी ती सगळ्यात चांगली सकाळ होती. वही परत घेताना अश्विनीने पान उघडून बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, पोरगी खूश झाली.

शाळा उघडली आणि आठवडा झाला तरी ती आली नाही. परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला होता, म्हणून मी वाडीवर गेलो. दारात खुर्ची होती आणि खुर्चीत तिचे पप्पा. डावा हात मांडीवर ठेवून दिलेला. डावा डोळा खाली, डावा गाल सैल, ओठाचा डावा कोपरा घसरलेला.

मी दाराबाहेरच थांबलो. खुर्चीच्या पायांपाशी जमिनीवर कोळशाच्या चार खुणा होत्या आणि समोर, हातभर अंतर सोडून, बसायच्या जागेची एक चौकट. जागा बदलली की माप बदलतं.

तिची आई बाहेर आली. ‘या सर, बसा. सुट्टी लागली आन चार दिसांत ह्यांच्या अंगावरनं वारं गेलं. कुनाला सांगायला बी सवड झाली न्हाई.’ भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखालच्या फळीवर ती वही. आईने ती काढून माझ्या हातात दिली. ‘पोरीनं दावली आमाला. लय झ्याक केलंत बगा तुमी.’

खुर्चीतून काहीतरी आवाज आला. अर्धे शब्द तोंडातच राहत होते. मला कळलं नाही. आईने सांगितलं, ‘म्हणत्यात, सरांनी मला बरा केला.’

ते हसत होते. उजव्या बाजूने. थट्टा होती ती, जीपमधली जुनी थट्टा.

निघताना अश्विनी अंगणाच्या कडेपर्यंत आली. मी तिला विचारलं, तू मला सांगितलं का नाहीस. किती निर्लज्ज प्रश्न होता. ती म्हणाली, ‘म्हणले व्हते सर, असूद्या म्हणून.’ मग माझ्याकडे न बघता तिने सगळं सांगितलं. तळेगावच्या दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या, ओठाचा कोपरा वर येतोय का त्यावर लक्ष ठेवा. पण रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. फोटो काढायला गेलं की पप्पा तोंड भिंतीकडे करायचे. ‘चित्राला मातर बसायचे. म्हणून मापत व्हते. डोळ्यापासनं ओठापर्यंत. एक रेघ उजव्या अंगाची, एक डाव्या. दोन रेघांत किती फरक पडतुया त्ये. तुमीच शिकवलं व्हतं.’

पानांच्या कडेच्या त्या रेघोट्या.

‘मग? कमी होत होता फरक?’ मी विचारलं.

‘मला वाटत व्हतं, व्हतोय. काका म्हणत व्हता, काय फरक न्हाई, आता पेरणी हाय, आवणी हाय, तळेगावला न्यायला मानूस कुटनं आनू. म्हणून त्याला वही दावनार व्हते. दावली. तर म्हणाला, ही तर समदी सरळच हायती, फरक कुटं दिसतुया.’

तळेगावचं जाणं थांबलं. मी त्या काकांना भेटलो, समजावलं, मीच नेतो म्हणालो. ते मान हलवत राहिले. माझ्या जिभेला त्या दिवसांत वजनच नव्हतं. वही मी मागून घेतली आणि लोणावळ्याला घरी आणली. खोडलेल्या रेघेची कागदावर खाच राहते. पान उजेडाला आडवं धरलं की ती दिसते. सात-आठ दिवस रोज सकाळी खिडकीशी उभा राहून मी एकेक पान तिरपं करून बघत होतो. पण अश्विनीचा हात हलका आणि माझा हात ठाम. तिच्या खाचेवर माझी खाच बसली होती. कडेच्या खुणा तर तिने इतक्या अलगद केल्या होत्या की त्यांचा मागमूस नव्हता. दोनच पानांवर काहीतरी असल्यासारखं वाटलं, तेही उन्हाचा कोन बदलला की नाहीसं व्हायचं. वही परत दिली. तिने ती घेतली आणि फळीवर ठेवली, इतकंच.

श्रावण संपता संपता दुसरा झटका आला आणि ते गेले. व्यायामाला नेत राहिले असते तर तो टळला असता का, मला माहीत नाही. एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं काही सांगता येत नाही. असं काही सांगता येत नाही, या वाक्याला धरून मी तीन वर्षं काढली आहेत. कधी त्याने झोप लागते, बहुधा लागत नाही.

त्या सकाळी ती गप्प का राहिली, याचा मी पुष्कळ विचार केला. सर म्हणजे सर, हे तर आहेच. ती तीन पोरं हसली, हेही. पण तिने वही घेऊन जे बराच वेळ बघितलं, ते मला सोडत नाही. कदाचित तिलाही पप्पांना पुन्हा एकदा सरळ बघायचं असेल. माझा खोडरबर चालू असताना तिला ते हवंसंही वाटलं असेल आणि नकोसंही. नववीतल्या पोरीला मी त्या पेचात अडीच तास उभं ठेवलं.

आणि कुणाला वाटेल, एवढ्यावर हा माणूस सुधारला असेल, तर तसंही नाही. दर वर्षी परीक्षेची मुलं समोर बसतात, घडा कलतो, बाटलीची मान वाकडी होते, आणि मी मनाशी ठरवून हात पाठीमागे बांधून उभा राहतो. पाच मिनिटं राहतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘सर, जरा हात फिरवा ना,’ आणि माझी बोटं आपणहून पुढे जातात. मागच्या सप्टेंबरातही गेली. एका मुलीचा पेला मी सरळ केला आणि घरी येऊन जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

अश्विनी इंटरमिजिएटला बसली नाही. दहावी झाली, बारावीची परीक्षा यंदा दिली. चित्रकलेच्या खोलीकडे ती पुन्हा फिरकली नाही. मला कुणाकडून तरी कळलं होतं की ती आता चित्रं काढत नाही. विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं.

गेल्या रविवारी लोणावळ्यात पाहुण्यांसाठी चिक्की घ्यायला बाजारात गेलो. दुकानात पर्यटकांची रेटारेटी. गल्ल्याच्या पलीकडे टोपी-एप्रन घातलेली मुलगी म्हणाली, ‘कुठली देऊ सर?’ आणि मग दोघांनीही एकमेकांना ओळखलं. सुट्टीपुरती लागलेय, म्हणाली. बोलणं आता बरंचसं शहरी झालं होतं. आई बरी आहे, म्हणाली. मी शेंगदाण्याची मागितली. ती तुकडे काट्यावर ठेवत होती, एक काढत होती, दुसरा लहान तुकडा घालत होती, काटा मधोमध येईपर्यंत. नजर तशीच होती, एका जागी बसलेली.

पुडा बांधता बांधता, मान खाली घालूनच ती म्हणाली, ‘सर, एक विचारू?’

‘विचार.’

‘मी रोज एकच पान बघायचे. मागचं उलटून बघितलं तर हात तसाच वळंल, म्हणून बघायचे न्हाई. सगळी पानं एका बैठकीत फक्त तुमीच बघितलीत. खोडायच्या आधी.’ गावची बोली परत आली होती. ‘पहिल्या पानापरीस शेवटच्या पानावर तोंड कमी वाकडं व्हतं का? तुमाला आठवतंय का सर?’

मागून कुणीतरी मँगो फजची चौकशी करत होतं. मी काट्याकडे बघत राहिलो. हो म्हटलं तर तिला एवढं मिळेल की तिचं माप खरं होतं, पप्पा सावरत होते. आणि मग ते सावरणं कुणी पुसलं हेही तिला मिळेल. नाही म्हटलं तर माझी सुटका. दोन्ही उत्तरं ओठांवर येऊन गेली. मी त्या पानांना आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. डोळ्यांसमोर जीपच्या आरशातला मिशीवाला चेहरा आला, हसणारा, सरळ. दारातल्या खुर्चीतला आला. तिने काढलेल्या सत्तावीसांपैकी एकही आला नाही. परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो, तो मी पंचवीस वर्षं शिकवतो आहे. आधी नीट बघा, मग आठवतं, हे माझं पहिलं वाक्य. मी बघितलंच नव्हतं. चूक दिसली आणि खोडरबर उचलला.

‘नाही आठवत गं,’ मी म्हणालो.

तिने सुतळीची गाठ मारली, उरलेलं टोक कात्रीने कापलं आणि पुडा माझ्यापुढे सरकवला.

‘बरं सर,’ ती म्हणाली.